कुसुमकाकींनी पुसलेला चेहरा

अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी मला एखादा फोन येतो. बहुतेक वेळा कॉलेजातली मुलगी असते. "मॅम, तुम्ही त्या 'आतून कडी'वाल्या आजींना ओळखत होतात ना? एकच विचारायचं होतं. त्या सिनेमात नक्की वेडं कोण असतं?"

बोईसरला माझं औषधांचं दुकान आहे. ही गोळी जेवणाआधी, ती जेवणानंतर, असं दिवसभर लोकांना ठणकावून सांगायची मला सवय. अंदाजपंचे बोललेलं मला खपत नाही. पण हा प्रश्न आला की माझी पंचाईत होते. तो सिनेमा मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा वाटलं नवरा वेडा, दुसऱ्यांदा वाटलं बायको, आणि तिसऱ्यांदा मला माझीच शंका यायला लागली. म्हणून मी "नक्की सांगता येत नाही गं" असं म्हणते आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडते.

कुसुमकाकी गेल्या वर्षी गेल्या. त्यांचे यजमान रमाकांतकाका चिंचणीला असतात, पण ते फोन उचलत नाहीत. उचललाच तर "चिकूला पाणी सोडलंय" म्हणून ठेवून देतात. या दोघांनी चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी, लग्नाला थोडीच वर्षं झालेली असताना, एक काळापांढरा सिनेमा काढला होता. काकांनी लिहिला आणि चित्रित केला, काकींनी त्यात काम केलं. बोईसरच्या थेटरात तो तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी थेटरवाल्याने न विचारता मारामारीचा एक जुना सिनेमा लावून टाकला, आणि म्हणे त्याला तुफान गर्दी झाली.

मला हे सगळं फार नंतर कळलं. मी दुकान टाकलं तेव्हा शेजारच्या गाळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, एवढीच आमची ओळख. पूजेच्या दिवशी काकी तीर्थप्रसादाला आल्या, भिंतीवर लावलेल्या माझ्या परवान्यातल्या फोटोकडे मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कुठं काढला?"

"पालघरला."

"तरीच. भुवयांच्या मधी बघ. सासरचं सगळं तितं दिसते. काढायला पायजे होतं."

पहिल्या भेटीत बाई असं बोलल्यावर मला रागच आला. पण घरी जाऊन आरशात पाहिलं, तर खरंच तिथे दोन उभ्या आठ्या होत्या. तेव्हापासून मी काकींना जरा घाबरूनच असायची.

आठ्या काढणं हेच त्यांचं काम होतं. काका फोटो काढत आणि काकी त्याची निगेटिव्ह नीट करत. खालून दिवा असलेली एक काच, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली कडक पेन्सिल. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. काकी त्या उलट्या चेहऱ्यावर बारीक बारीक टिंबं देत बसायच्या. फोटो छापून आला की सुरकुत्या, मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब. त्यांचा एक नियम होता आणि तो त्या कुणासाठीही मोडत नसत. व्रण असेल तर ठेवायचा, आठी असेल तर काढायची.

मी एकदा विचारलं, "असं का हो काकी?"

"व्रण त्याचा सोताचा हाय. आठी दुसऱ्यानं दिलेली असते. ती कशाला बाहेर पाठवायची?"

या नियमामुळे घोळही व्हायचे. कारखान्यांच्या गेट-पाससाठी रोज दहा-वीस कामगार फोटो काढायला यायचे. त्यातला एक बिहारी गडी दुसऱ्या दिवशी परत आला, हातात पास घेऊन, रडकुंडीला आलेला. "आंटी, वॉचमन अंदर नहीं छोड़ता। बोलता है ये तू नहीं है।" काकींनी फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. फोटोतला माणूस नुकताच सुट्टीवरून आल्यासारखा दिसत होता. तो गयावया करत म्हणाला, "थोड़ा परेशान कर दो ना आंटी।" काकी उसळल्या. "परेशान तेरेकू कंपनी करेगी. मैं कशाला करू?" शेवटी काकांनी गुपचूप दुसरी प्रत, पेन्सिल न लावलेली, काढून दिली तेव्हा त्या माणसाची नोकरी वाचली.

पुढे कॉम्प्युटर आले. काकी तेही शिकल्या, पण कुरकुरत. "मशीन सगळ्यांना एकच गाल देते," असं म्हणायच्या. मला वाटतं, बोईसरच्या फोटोंत त्या काळात निवांत चेहरे जरा जास्तच दिसत असतील, ते यांच्यामुळे.

एका दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. भिंतीवरच्या एका जुन्या, कडा कुरतडलेल्या पोस्टरवर बोट ठेवून मी विचारलं, "हे काय आहे?" 'आतून कडी' हे नाव, आणि खाली तरुण काकींचा अर्धा चेहरा. काका खुलले. एरवी दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस, पण सिनेमाचं नाव काढलं की खुर्ची ओढून बसायचा.

गोष्ट अशी. समुद्रकाठच्या एका बंगल्यात नवरा-बायको राहत असतात. बायकोला माळ्यावर कुणीतरी चालल्याचा आवाज येतो. नवरा म्हणतो, कुणी नाही, तुझ्या मनाचे खेळ. हळूहळू तिलाही तसं वाटायला लागतं. शेवटी नवरा तिला तिच्या भल्यासाठी म्हणून एका खोलीत बंद करतो, आणि पुन्हा दार उघडतो तेव्हा ती त्याच्याकडे बघते. बस, एवढंच. दहा-बारा सेकंद नुसता तिचा चेहरा. त्यावर अशी भीती दिसली पाहिजे की प्रेक्षकाला लख्ख कळावं, आवाज हाच माणूस करत होता आणि हे आता तिलाही कळलंय. नाव 'आतून कडी' आणि कुलूप मात्र बाहेरून, असं मी म्हणाले, तर काका म्हणाले, "तेच तर आहे." काय तेच आहे ते मला कळलं नाही.

"आणि कुसुमचा चेहरा असा मिळाला होता म्हणून सांगू! अभिनय नाहीच तो. घिवलीकडचा बंगला, मालक मुंबईला. मी हिला न सांगता खरंच कोंडली. पाच-दहा मिनिटं. मग एकदम दार उघडलं, कॅमेरा चालू."

काकी स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. साखर किती टाकू, एवढंच त्यांनी मला विचारलं.

"मग सिनेमा का पडला काका?"

"माझ्यामुळं," काका म्हणाले. "उजेड गेला होता. संध्याकाळ होत आली होती, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला पाहिजे होतं. मी घाई केली. थेटरात पडद्यावर बघतो तर चेहऱ्यावर काहीच नाही. भीती नाही, राग नाही. सपाट. वर तो चेहरा हलतोय, थरथरतोय, पाण्यात बघितल्यासारखा. लोकांना कळेच ना. कोण म्हणालं ती मेली, कोण म्हणालं तीच भूत. दुसऱ्या दिवशी बाजारात एका मासेवालीनं हिला धरलं, 'बाय, तू येडी का तो येडा, एक काय ते सांग, माजी झोप गेली!' ज्याला बायकोच्या चेहऱ्यावर उजेड टाकता येत नाही, त्याने सिनेमे काढू नयेत. मी नाही काढला परत."

खरंच नाही काढला. दुसऱ्या सिनेमाची वही लिहून तयार होती, असं काकींनीच मला पुढे सांगितलं. ती वही काकांनी चिंचणीच्या वाडीतल्या शेडमध्ये चिकूच्या रिकाम्या खोक्यांवर टाकून दिली, आणि उरलेला जन्म पासपोर्ट साइजमध्ये काढला.

वर्षं गेली. स्टुडिओ बंद झाला, दोघं कायमचे चिंचणीच्या घरी राहायला गेले. आणि दोन वर्षांपूर्वी पालघरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका बाई त्यांचा पत्ता काढत आल्या. आपल्या भागात पूर्वी कुणी काय केलं याचा शोध त्या घेत होत्या. काकींच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात सिनेमाची प्रत निघाली, तिची कॉम्प्युटरवर नक्कल झाली, ती मी घरी दोनदा पाहिली, आणि कॉलेजात सिनेमा दाखवायचा दिवस ठरला. दोघांना बोलावणं आलं. मी गाडीने न्यायचं कबूल केलं.

त्याच्या आठवडाभर आधी काकी एकट्याच माझ्या दुकानात आल्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या, तरी जाईनात. काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसल्या.

"सुनंदा, यांचा उजेड बरोबर होता."

"कुठला उजेड?"

"सिनेमातला. निगेटिव्हचे डबे घरात होते. लॅबमधी प्रत छापायला नंबर लागायचा होता. मी त्यो शेवटचा तुकडा काढला आन काचेवर घेतला. अडीचशेच्या वर चौकटी. दोन महिने बसले. हे बाहेर गेले की बसायची. सगळ्या आठ्या काढल्या. कपाळावरच्या, डोळ्यांच्या, तोंडाच्या."

मला आधी नीट कळेचना. मग लक्षात आलं. एका फोटोवर पेन्सिल मारणं वेगळं. सिनेमात एका सेकंदाला चोवीस फोटो, प्रत्येकावर टिंबं थोडी इकडेतिकडे. म्हणून तो चेहरा थरथरत होता. म्हणून सपाट होता. एका बाईने आपल्या नवऱ्याचा अख्खा सिनेमा पेन्सिलीने पुसला होता, आणि नवऱ्याने जन्मभर स्वतःला दोष दिला होता.

"पण का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ते त्यांनाच सांगीन. पयलं त्यांनाच सांगायला पायजे." मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ते ऐंशीला आले. मी मेले तर त्यांना वाटत राहील, आपल्याला येत नव्हतं. त्यांना येत होतं गं. मंग सांगितल्यावर घरात काय होईल, ते नाय म्हाइत."

मला काकींचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता मी त्यांना पाणी दिलं.

कॉलेजचा हॉल भरला होता. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, पंखे घरघरत होते. मी तिसऱ्यांदा तो सिनेमा बघत होते, पण या वेळी शेवटच्या चेहऱ्याशी आले तेव्हा मला पेन्सिलची टिंबंच दिसायला लागली. मुलांना मात्र वेड लागलं. दिवे लागल्यावर ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. काकांना स्टेजवर नेऊन हातात माइक दिला. एका मुलीने विचारलं, "सर, शेवटी तो चेहरा असा जिवंत हलतो, ते तुम्ही कसं केलंत?"

काका माइक तोंडापासून लांब धरून म्हणाले, "ते चुकलेलं आहे. माझा उजेड चुकला होता. चेहरा खरा मिळाला होता. मी हिला पाच-दहा मिनिटं खरंच कोंडली होती, आणि..."

"पाच-धा मिनिटं नाय."

काकी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी होत्या. त्या कधी उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

"तुमी गेलात तवा पाणी पार खडकांच्या पलीकडं होतं. आलात तवा लाटा बंगल्याच्या कुंपणाला लागत होत्या. मी खिडकीतनं तेच बघत बसलेली." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "आन उजेड बरोबर होता. तो चेहरा मी पुसला. पेन्सिलनं. एकेक चौकट."

किनाऱ्यावरच्या माणसाला ओहोटी ते भरती म्हणजे किती, ते सांगावं लागत नाही. सहा तास. हॉलमधल्या बऱ्याच मुलांना ते कळलं नसावं, कारण त्यांनी पेन्सिल तेवढी ऐकली आणि पुन्हा टाळ्यांचा कडकडाट केला. काकी वैतागल्या. "टाळ्या कशाला वाजवता? त्याच्यानं सिनेमा बुडाला!" मुलं हसली, अजून वाजवायला लागली. काका स्टेजवर तसेच उभे होते. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि सगळ्या हॉलसमोर बायकोला विचारलं, "का?"

"घरी सांगते," काकी म्हणाल्या. यावर सगळा हॉल खळखळून हसला. त्या क्षणी मला ती हसणारी मुलं दुष्ट वाटली. त्यांची काही चूक नव्हती.

परतताना काकी माझ्या शेजारी पुढे बसल्या, काका मागे. घरी जाईपर्यंत कुणालाच दम निघाला नाही. बोईसर यायच्या आधीच काकींनी समोरच्या रस्त्याकडे बघत विचारलं, "त्या दिवशी कुठं गेला होता?"

मागून काका म्हणाले, "मासवणच्या शाळेत. वर्गांचे फोटो होते. मी तारीख विसरलो होतो, बंगल्यावरच जीप आली न्यायला. किल्ली खिशात राहिली."

"तितं गेल्यावर आठवलं नाय?"

"आठवलं." आरशात मला काका दिसत होते. ते खिडकीबाहेर बघत होते. "आठवलं कुसुम. पण पोरं ओळीनं उभी राहिली होती."

गाडी चालवताना मला हसू आलं. मग त्या हसण्याची लाज वाटली. हा माणूस दुष्ट की येडा की नुसता फोटोग्राफर? बायको कुलपात आहे हे आठवूनही तो पोरांना म्हणाला असेल, हलू नका, इकडे बघा. आणि परत आल्यावर दार उघडलं, तिचा चेहरा बघितला, आणि दाराबाहेर लावून ठेवलेला कॅमेरा आधी चालू केला.

काकींच्या मनातही नेमकं तेच आलं असावं. "दार उघडल्यावर तुमी मला हात नाय दिला. कॅमेरा दाबला. त्यो चेहरा माजा नवता, तुमी दिलेला होता. सगळा तालुका बघणार, कुसुम नवऱ्याला एवडी घाबरते. मी कशी पाठवू?"

बोईसर मागे पडलं. कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्त्यावर सायकलींची रांग लागली होती. मी मुद्दाम हळू चालवत होते. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे माझा उजेड बरोबर होता?"

मला वाटलं, आता काकी यांना गाडीतून उतरवतात. पण त्या मागे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "एकदम बरोबर होता. सगळं दिसत होतं. म्हणून तर पुसलं."

चिंचणीत शिरल्यावर, घराकडे वळायच्या आधी काकी म्हणाल्या, "मला समुद्रावर सोड." सुरूंच्या झाडांपाशी मी गाडी थांबवली. ऊन उतरलं होतं. काकी दाराला धरून हळूच उतरल्या आणि खिडकीशी वाकून मला म्हणाल्या, "तू जा. दुकान उघडायचं असेल." पुढल्याच आठवड्यात मी लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेले. परत यायच्या आत काकी गेल्या, झोपेतच. म्हणून माझ्या लेखी त्यांची शेवटची आठवण ही समुद्रावरचीच.

त्या संध्याकाळी काकी पाण्याच्या दिशेने चालायला लागल्या. काकाही उतरले, पण गाडीला टेकून उभे राहिले. जावं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मीही तिथेच थांबले, जावं की नाही ते मलाही ठरवता येत नव्हतं. मग काकांनी काठी वाळूत रोवली आणि मागून हाक मारली.

"कुसुम! पोरांना तसंच सोडून मी यायला पाहिजे होतं."

काकी थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "यायला पायजे होतं."

त्यांनी माफ केलं की कसं, मला माहीत नाही. आवाजावरून काही कळलं नाही, आणि चेहरा समुद्राकडे होता. भुसभुशीत वाळूत काकांना एकेक पाऊल टाकायला वेळ लागत होता. ते पोचेपर्यंत काकी तिथेच उभ्या राहिल्या.